चीनच्या सप्लायरला 'पिक अप' लिहू नका



चीनहून पहिला माल कसा मागवायचा, यावरचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला. मला वाटलं होतं खाली ड्युटीचे, बँकेचे, आयईसी कोडचे प्रश्न येतील. तेही आले. पण सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न निराळाच होता. "सर, माझं इंग्रजी फाडफाड नाही. समोरच्या चिनी माणसाशी बोलू कसं?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमचं इंग्रजी साधं असेल तर चीनशी व्यवहार करताना तो तुमचा फायदा आहे. अडकतात ते फाडफाडवाले. मी त्यांच्यातलाच होतो, आणि मला एका साध्या शब्दाने अडकवलं. तो शब्द म्हणजे 'पिक अप'.

हसू नका. पूर्ण गोष्ट ऐका.

२०१८ च्या जानेवारीतली गोष्ट. ज्यूस आणि लस्सीच्या ग्लासवर प्लास्टिकचं झाकण चिकटवणारी मशीन मी चीनहून मागवली होती. चाळीस नग. आपल्याकडे उन्हाळा सुरू झाला की रसवंतीवाले, लस्सीवाले ही मशीन शोधत फिरतात. गुढीपाडवा १८ मार्चला होता आणि पाडव्याला मशीन लावून देतो, असा शब्द मी चार-पाच दुकानदारांना देऊन बसलो होतो. कारखाना ग्वांगझू शहराच्या बाहेर, तिथून बराच लांब. माझ्या फॉरवर्डरचं गोदाम ग्वांगझू शहरात. तीस टक्के ॲडव्हान्स गेला होता, बाकीचे सत्तर टक्के माल तयार झाल्याचे फोटो आल्यावर पाठवले. आणि कारखान्याच्या सेल्सच्या मॅडमना रुबाबात एक ओळ लिहिली: "वी विल पिक अप फ्रॉम ग्वांगझू."

त्यांचं उत्तर आलं: "ओके डिअर, यू पिक अप."

मी निर्धास्त. माझ्या डोक्यात चित्र असं होतं की कारखाना माल ग्वांगझूच्या गोदामात पोचवेल आणि तिथून माझा फॉरवर्डर तो उचलेल. मॅडमच्या डोक्यात चित्र असं की ग्वांगझूहून माझी गाडी निघेल, कारखान्यात येईल आणि माल उचलेल. दोघांनीही एकच शब्द वापरला. दोघांचंही इंग्रजी बरोबर होतं. माल मात्र कारखान्याच्या दाराशी पडून.

आठ-नऊ दिवसांनी मी विचारलं, "पिक अप झाला का?" त्यांनी लिहिलं, "येस, रेडी फॉर पिक अप." मी त्यातला 'येस' वाचला आणि गप्प बसलो. काय चाललंय ते उघड झालं फेब्रुवारी लागल्यावर, फॉरवर्डरने स्वतःहून फोन करून "तुमचा माल अजून आमच्याकडे आलाच नाही" असं सांगितलं तेव्हा. त्या वर्षी चिनी नववर्ष १६ फेब्रुवारीला होतं. ज्यांनी तिथून माल आणलाय त्यांना माहीत आहे, नववर्षाच्या आधी आठ-दहा दिवसांपासूनच कामगार गावाकडे निघतात, ट्रक मिळत नाहीत, कारखान्यांना कुलपं लागतात. सगळं सुरळीत व्हायला मार्च उजाडतो. माझा माल मार्चच्या पहिल्या आठवड्यात हलला, न्हावा शेव्याला उतरून, कस्टममधून सुटून माझ्या हातात आला तोवर एप्रिलचा दुसरा आठवडा. पाडवा कधीच होऊन गेला होता. दोन दुकानदारांनी दुसरीकडून मशीन घेतली, आणि त्यातला एक आजही माझा फोन उचलत नाही.

सुरुवातीला मी सगळा राग त्या मॅडमवर काढला. "यांना इंग्रजी येत नाही" वगैरे. मग एक दिवस शांतपणे जुना प्रोफॉर्मा इनव्हॉइस काढला. त्यावर भावाच्या शेजारी स्वच्छ छापलेलं होतं: एक्स-वर्क्स. एक्स-वर्क्स म्हणजे विकणारा माल आपल्या कारखान्यात तयार ठेवतो, तिथून पुढची गाडी, हमाली, कागद, सगळं घेणाऱ्याचं. त्याच जागी एफओबी असतं तर बंदरात जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी त्यांची होती. ही नावं पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ सालापासून ठरवून दिलेली आहेत आणि सध्या २०२० ची आवृत्ती चालू आहे. मॅडम शंभर टक्के बरोबर होत्या. गाडी कोणाची, हे मी ठरवलंच नव्हतं, आणि न ठरवलेली गोष्ट 'पिक अप' या शब्दाखाली आरामात झाकली गेली होती.

त्यानंतर मी या शब्दाच्या मागेच लागलो. चिनी माणूस इंग्रजी शिकताना 'पिक अप'पाशी काय करतो, हे समजून घेतलं. ते आज तुम्हाला सांगतो, कारण ते कळलं की तुमचे मेसेज आपोआप बदलतील.

आधी आपल्याकडे बघू. 'पिक अप' आपल्याला परका वाटतच नाही. पिकअप म्हणजे मालाची गाडी. गाडीला पिकअप नाही म्हणजे ती जोर घेत नाही. दुकानाने पिकअप घेतला म्हणजे गिऱ्हाईक वाढलं. कंपनीच्या बसचा पिकअप पॉइंट असतो. शिवाय आपलं 'उचलणे' हे क्रियापद जवळपास त्याच वाटेने जातं. पडलेला रुमाल उचलतो, फोन उचलतो, बाजारातून माल उचलतो, बँकेचं कर्ज उचलतो. पोरगं दुसऱ्याची भाषा पटकन उचलतं. विक्री उचल खाते. म्हणून आपल्याला वाटतं की हा शब्द जगात सगळ्यांना असाच कळत असेल.

पण जरा बाहेरच्या माणसाच्या जागी उभे राहा. एखादा चिनी मुलगा मराठी शिकायला आला आणि त्याला तुम्ही 'उचलणे' म्हणजे हाताने वर घेणे एवढंच शिकवलं. आता त्याने ऐकलं, "ऊसतोड कामगारांनी मुकादमाकडून उचल घेतली." मग ऐकलं, "पोलिसांनी त्याला रात्री घरातून उचलला." मग कोणीतरी म्हणालं, "त्या पोराला उचलेगिरीची सवय आहे." आगाऊ पैसे, अटक आणि भुरटी चोरी, तिन्ही एकाच शब्दातून! तो बिचारा वही मिटून घरी जाईल.

इंग्रजीतला 'पिक अप' चिनी विद्यार्थ्यासमोर अगदी असाच येतो. कारण त्याच्या भाषेत या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे. जमिनीवर पडलेली वस्तू उचलायची तर 'ज्येन'. विमानतळावर पाहुण्याला घ्यायला जायचं तर 'ज्ये'. फोन घ्यायचा तरी हाच 'ज्ये', म्हणजे आलेल्याला सामोरं जाऊन घेणं असा त्याचा भाव. गोदामातून व्यापारी माल सोडवून घ्यायचा तर 'थी-हुओ'. कुरिअरचं पार्सल आणायचं तर 'छ्यू'. भाषा किंवा एखादं काम शिकून घेतलं तर 'श्युए-हुई'. धंदा सुधारला तर 'हाओ-ज्वान'. आणि इंग्रजी माणूस हॉटेलात "मी बिल पिक अप करतो" म्हणाला, तर चिनी माणूस त्याला 'माय-दान' म्हणेल, ज्यात उचलण्याचा काही संबंधच नाही. मराठी लिपीत हे उच्चार जेवढे जमतात तेवढे लिहिलेत. यांतले 'ज्येन' आणि 'ज्ये' आपल्या कानाला सारखे वाटतात, त्यांच्यासाठी ते दोन टोकांचे शब्द आहेत.

आता कल्पना करा, तुमचा मेसेज गेला: 'पिक अप'. समोरच्या मॅडमला मनातल्या मनात या सात खणांपैकी एक खण उघडावा लागतो. कुठला, हे त्या आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवणार. आणि तुम्ही आजूबाजूला काही लिहिलेलंच नाही! भाषांतर करणारं ॲप वापरत असतील तर ते ॲपही एकच खण उघडून देतं, बाकीचे सहा दाखवत नाही.

त्यांना इंग्रजी कमी शिकवतात असा समज असेल तर तो काढून टाका. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २००१ मध्ये प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी सुरू करायचं धोरण आणलं. कॉलेजच्या प्रवेशासाठी जी मोठी परीक्षा असते, गाओकाओ, तिच्यात इंग्रजी असतंच. कॉलेजात गेल्यावर पुन्हा इंग्रजीच्या चौथ्या आणि सहाव्या पातळीची राष्ट्रीय परीक्षा. म्हणजे तुमच्याशी बोलणाऱ्या सेल्सच्या मुलीने बहुधा आपल्यापेक्षा जास्त नेटाने शब्द पाठ केलेले असतात. 'पिक अप'चे चार-पाच अर्थ एकाखाली एक लिहून तिने घोकलेले असतात. पण घोकलेली यादी परीक्षेत चालते, रात्री नऊ वाजता भारतातल्या गिऱ्हाइकाच्या अर्धवट मेसेजपुढे ती फारशी कामाला येत नाही.

यावर अभ्यासही झालेला आहे. यान लियाओ आणि योशिनोरी फुकुया या दोघांनी २००४ साली 'लँग्वेज लर्निंग' या नियतकालिकात चिनी विद्यार्थ्यांबद्दल लेख लिहिला. त्यांना दिसलं ते असं: मध्यम पातळीचं इंग्रजी असलेले चिनी विद्यार्थी असे जोडशब्द टाळतात आणि त्याऐवजी एकाच शब्दाचं सरळ क्रियापद निवडतात. शब्दशः अर्थापेक्षा लाक्षणिक अर्थ असेल तर जास्तच टाळतात. भाषा बरीच पक्की झालेल्यांमध्ये हे टाळणं फारसं दिसत नाही. आता तुम्हीच सांगा, समोरचा माणूस जो शब्द स्वतः वापरायचं टाळतो, तोच तुम्ही पैशाच्या व्यवहारात त्याच्यापुढे का टाकता?

इथे एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. क्रियापदाला दिशा जोडायची युक्ती चिनीत नाही असं नाही. 'ज्येन-छीलाय' म्हणजे उचलून वर घेणे, आणि यातलं 'छीलाय' इंग्रजीतल्या 'अप'सारखंच काम करतं. मजा म्हणजे धंदा बरा चालायला लागला, हेही ते 'छीलाय' जोडून म्हणतात: 'हाओ-छीलाय', बरं होत वर आलं. आपल्या 'उचल खाल्ली'च्या किती जवळ आहे बघा. तेव्हा त्यांना कल्पना परकी नाही, तो विशिष्ट इंग्रजी जोड परका आहे. त्यातही मधे 'इट' घालायचा झाला की तो 'पिक' आणि 'अप'च्या मधे बसतो, शेवटी नाही. 'पिक अप इट' असं त्यांनी लिहिलं तर हसू नका, आपल्यातलेही निम्मे तसंच लिहितात.

आणि ते 'डिअर'. कितीतरी मुलं मला विचारतात, सर, ती सारखं 'डिअर, डिअर' का लिहिते? अहो, तिथल्या ऑनलाइन दुकानदारीत गिऱ्हाइकाला 'छिन' म्हणायची पद्धत आहे, म्हणजे प्रिय. तिचं हे इंग्रजी रूप. आपल्याकडे भाजीवाला प्रत्येकीला 'ताई' म्हणतो, तितकंच ते. त्यातून दुसरं काही उचलू नका!

बरं, यावर आक्षेप येतो तो मला माहीत आहे. इंग्रजी बोलायला शिकवणारे सगळे सांगतात की असे जोडशब्द वापरा, मग तुमचं इंग्रजी अस्सल वाटेल. खरं आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या माणसाशी गप्पा मारायच्या असतील तर जरूर वापरा. तो बोलेल तेव्हा कळायलाही हवेत. पण तुम्ही आणि तुमचा सप्लायर, दोघांचंही इंग्रजी पाहुणं आहे. दोन पाहुणे तिसऱ्याच्या घरात भेटलेत. तिथे रुबाब दाखवून काय मिळणार? साधं लिहिलं तर अडाणी वाटू, अशी भीती आपल्याला शाळेपासून लागलेली आहे, आणि माझ्या मते ही भीती आपल्या छोट्या उद्योजकांचं जितकं नुकसान करते तितकं चुकीचं व्याकरण कधीच करत नाही. सप्लायर तुम्हाला मार्क देत नाही. त्याला फक्त माल कुठे न्यायचा ते हवं असतं.

मग 'पिक अप'च्या जागी काय? तुमचा माणूस माल घ्यायला जाणार असेल तर 'कलेक्ट'. त्यांनी आणून द्यायचा असेल तर 'डिलिव्हर'. खर्च कोण करणार हे सांगायचं असेल तर सरळ 'पे'. प्रदर्शनाला गेलात आणि हॉटेलवर गाडी हवी असेल तर 'सेंड अ कार', आणि वेळ लिहा. ग्वांगझूच्या कँटन फेअरला वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, जगभरचे लोक येतात. १९५७ पासून भरतंय ते प्रदर्शन. तिथे दुभाषी म्हणून काम करणाऱ्या मुलीला "आय विल पिक यू अप" म्हणताना तर दहादा विचार करा. गाडीने घ्यायला येतो, एवढंच तुमच्या मनात असलं तरी या शब्दाला इंग्रजीत एक दुसरा, छचोर अर्थही चिकटलेला आहे. आणि विक्री वाढली सांगायचं असेल तर 'सेल्स इन्क्रीज्ड', किती टक्के तेही लिहा, भाव पाडून मागताना उपयोगी पडेल.

पण नुसता शब्द बदलून भागत नाही. 'कलेक्ट' लिहिलं की पुढचे प्रश्न तुमचे तुम्हालाच पडायला लागतात. कोण कलेक्ट करणार? कुठून, कारखान्यातून की गोदामातून? कोणत्या तारखेला? गाडीत माल चढवायचे पैसे कोणाचे? माझ्या मशीनच्या वेळी मी 'कलेक्ट' लिहायला बसलो असतो तर तिथेच थांबून भावाशेजारचं एक्स-वर्क्स पाहिलं असतं. 'पिक अप'ने मला ते पाहूच दिलं नाही.

आपले आणखी काही शब्द याच जातीचे आहेत. 'रिव्हर्ट' आपण उत्तर द्या या अर्थाने लिहितो, त्यांनी शिकलेला अर्थ पूर्वस्थितीला जाणे. लाखाचा हिशोब तर लिहूच नका. त्यांच्या मोजणीत दहा हजाराचा गठ्ठा असतो, 'वान', आणि आपला लाख म्हणजे त्यांचे दहा वान. पूर्ण आकडा शून्यांसकट लिहा. यावर एक वेगळा व्हिडिओ करायचा आहे, तो होईल तेव्हा होईल.

आता परवाचीच गोष्ट. आपल्या बॅचमधल्या एका मुलाने यिवूच्या बाजारातून गिफ्ट पॅकिंगच्या रिबिनी घेतल्या. मेसेज पाठवण्यापूर्वी मला दाखवायला आला. त्यात लिहिलं होतं, "वी विल पिक अप द बॅलन्स आफ्टर दिवाली." मी विचारलं, बॅलन्स म्हणजे काय? तो म्हणाला, राहिलेली वीस खोकी. मी म्हटलं, तिला वाटेल राहिलेले पैसे. पैसे दिवाळीनंतर देतो असं वाचून ती आधीची खोकीसुद्धा अडवून ठेवेल. त्याचा चेहरा पडला. शिवाय 'दिवाली' कधी असते हे तिला काय माहीत?

मग आम्ही दोघं बसलो. वीचॅट २०२० पासून भारतात बंद आहे, म्हणून ई-मेलच लिहिला. पैसे आज पाठवतोय, एवढं एक वाक्य. राहिलेली वीस खोकी तुमच्या गाडीने आमच्या फॉरवर्डरच्या यिवूमधल्या गोदामात पोचवा, हे दुसरं. तारीख, महिना अक्षरात. गाडीभाडं तुमचं, इनव्हॉइसमध्ये धरलेलं आहे, हे चौथं. इंग्रजी इतकं साधं की त्याची सातवीतली बहीणसुद्धा लिहील.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "क्लिअर. प्लीज सेंड वेअरहाऊस ॲड्रेस इन चायनीज. ड्रायव्हर कॅनॉट रीड इंग्लिश."

पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. चिनी अक्षरांतला पत्ता ना त्याच्याकडे होता ना माझ्याकडे. त्याने फॉरवर्डरला फोन लावला.